पेप्सिनोजेन कमी, सीईए जरा जास्त: जठराच्या कर्करोगाबद्दल रक्ताचा रिपोर्ट किती सांगतो?

प्रश्न थोडक्यात असा. कागलचे ४६ वर्षांचे गृहस्थ. वडील ६१ व्या वर्षी जठराच्या कर्करोगानं गेले. यांना स्वतःला दोन वर्षं जळजळ आणि करपट ढेकरा. वर्षभर रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल ४० ची गोळी चालू, दिवसाला आठ-दहा बिड्या. कोल्हापुरात लॅबचं पॅकेज करून घेतलं. पेप्सिनोजेन-१ (जठराच्या ग्रंथींत बनणारं पाचक रसाचं प्रथिन, त्याचे दोन प्रकार) आलं ४२, पेप्सिनोजेन-२ आलं १८.२, दोन्हींचं गुणोत्तर २.३. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची आयजीजी (त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) पॉझिटिव्ह, सीईए ६.१, सीए १९-९ आलं ११. रिपोर्टवर लाल बाण फक्त सीईएसमोर. विचारणा अशी की हा कर्करोग आहे का, आणि रक्तावर भागत असेल तर दुर्बीण (एंडोस्कोपी) टाळता येईल का.

दुर्बीण टळणार नाही, आणि त्याचं कारण लाल बाण नाही. तुमच्या रिपोर्टमधली महत्त्वाची ओळ बाण नसलेली आहे: गुणोत्तर २.३. बऱ्याच लॅब पेप्सिनोजेन-१ ची खालची मर्यादा ३० धरतात, त्यामुळं ४२ 'नॉर्मल' म्हणून छापून येतं, आणि गुणोत्तरासमोर काही वेळा रेंजच नसते. बघणाऱ्याची नजर साहजिकच बाणाकडे जाते.

आधी हे नीट लावून घेऊ की या पॅकेजमध्ये दोन वेगळ्या जातीच्या चाचण्या एकत्र बांधल्या आहेत. पेप्सिनोजेन, गॅस्ट्रिन (आम्ल वाढवणारं संप्रेरक) आणि पायलोरीचे प्रतिपिंड ही जठराच्या अस्तराची अवस्था सांगतात. जमीन कशी आहे, एवढंच. पीक उगवलंय का, हे त्यांना कळत नाही. सीईए, सीए १९-९, सीए ७२-४ ही गाठीतून रक्तात येणारी द्रव्यं, आणि ती दखल घेण्याइतकी वाढतात ती बहुतेक वेळा गाठ बरीच पुढं गेल्यावर. म्हणजे पहिल्या जातीच्या चाचण्यांचा उपयोग आजाराआधी, दुसरीचा निदानानंतर. मधल्या टप्प्यात, जिथं लहान गाठ वेळेत सापडायला हवी, तिथं दोन्ही लंगड्या पडतात आणि दुर्बीणच लागते.

पेप्सिनोजेनचं गणित समजलं की रिपोर्ट स्वतःच वाचता येतो. जठराचा वरचा-मधला मोठा भाग म्हणजे कॉर्पस, आणि आतड्याकडचा खालचा भाग म्हणजे अँट्रम. पेप्सिनोजेन-१ फक्त कॉर्पसकडच्या ग्रंथींत तयार होतं. पेप्सिनोजेन-२ कॉर्पसमध्ये होतंच, शिवाय अँट्रममध्ये आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाही होतं. पायलोरीचा जंतू वर्षानुवर्षं राहिला की अस्तराला सूज येते, मग कॉर्पसच्या ग्रंथी झिजत जातात. याला अॅट्रॉफी म्हणतात. ग्रंथी गेल्या की पेप्सिनोजेन-१ उतरतं, पेप्सिनोजेन-२ जागच्या जागी राहतं किंवा सुजेमुळं चढतं, आणि गुणोत्तर घसरतं. झिजलेल्या जागी पुढं आतड्यासारखं अस्तर तयार होतं, तो इंटेस्टायनल मेटाप्लेशिया. त्यातून काही थोड्या लोकांत डिस्प्लेशिया (पेशींची ठेवण बिघडणं) आणि त्याहून थोड्यांत कर्करोग. ही साखळी पेलायो कोरेया यांनी मांडली, आणि ती पूर्ण व्हायला बहुधा दशकं लागतात. म्हणूनच मध्येच गाठायला वेळ मिळतो.

जपानमध्ये रूढ झालेली कसोटी अशी: पेप्सिनोजेन-१ सत्तर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी आणि गुणोत्तर तीन किंवा कमी, दोन्ही एकदम असतील तर चाचणी पॉझिटिव्ह. तीस आणि दोनच्या खाली गेलं तर अॅट्रॉफी बरीच पसरलेली असण्याची शक्यता. तुमचं ४२ आणि २.३ पहिल्या कसोटीत बसतं, दुसऱ्या कडक कसोटीत नाही. आणि इथं पॅन्टोप्रॅझोलची मेख आहे. ही गोळी आम्ल दाबते, त्याच्या प्रतिक्रियेत गॅस्ट्रिन वाढतं आणि पेप्सिनोजेनही वाढतं, विशेषतः पहिलं. गुणोत्तर त्यामानानं कमी हलतं. गोळी चालू असताना आकडा फुगायला हवा होता. तरीही तो ४२ आहे. गोळीशिवाय तो आणखी खाली असू शकतो. म्हणजे गोळीमुळं रिपोर्ट खोटा वाईट आलेला नाही, उलट बरा दिसतोय. हीच गोष्ट दुसऱ्या माणसात धोक्याची ठरते: खरी अॅट्रॉफी आहे, गोळी चालू आहे, पेप्सिनोजेन-१ येतं ९५, आणि तो निर्धास्त घरी जातो.

तरी २.३ सगळंच अॅट्रॉफीमुळं आहे असं मी म्हणणार नाही. जिवंत पायलोरीची सूज पेप्सिनोजेन-२ वर ढकलते, आणि तुमचं १८.२ तेच सुचवतंय. म्हणजे यात काही वाटा सुजेचा, काही झिजेचा. जंतू मारल्यावर पेप्सिनोजेन-२ लवकर उतरतं आणि गुणोत्तर सुधारतं. सूज गेली एवढाच त्याचा अर्थ, झिजलेल्या ग्रंथी परत आल्या असा नाही. कोणता वाटा किती, हे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मूत्रपिंड निकामी असलं तर पेप्सिनोजेन-१ रक्तात साठून खोटं वाढतं. जुना मधुमेह असेल तर क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच आकडा वाचावा. जठराचा भाग काढलेल्या माणसात तर ही चाचणी लावूच नये.

पायलोरीच्या आयजीजीबद्दल गैरसमज फार. ती पॉझिटिव्ह म्हणजे शरीराला हा जंतू कधीतरी भेटला. आज तो पोटात आहेच असं नाही, कारण औषधानं जंतू गेल्यावरही प्रतिपिंड महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं रेंगाळतात. 'कोर्स केला तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच' म्हणून लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा अँटिबायोटिक घेतात, ते यातूनच. भारतात प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना हा जंतू भेटलेला असतो, बहुधा लहानपणी घरातच. त्यामुळं एकटी आयजीजी फारसं वेगळं काही सांगत नाही. पेप्सिनोजेनसोबत वाचली की मात्र तिला अर्थ येतो. जपानी पद्धतीत चार गट पाडतात. दोन्ही ठीक तर अ. जंतू आहे पण पेप्सिनोजेन ठीक तर ब. जंतू आहे आणि पेप्सिनोजेन घसरलेलं तर क. आणि पेप्सिनोजेन घसरलेलं पण जंतू निगेटिव्ह तर ड. धोका अ पासून ड कडे वाढत जातो. ड मध्ये जंतू नसूनही धोका सगळ्यांत जास्त का? अस्तर इतकं झिजलेलं असतं की जंतूलाही तिथं राहणं जमत नाही. तुम्ही क मध्ये येता. ज्यांनी आधी पायलोरीचा कोर्स केला आहे, त्यांच्यावर हे गट लावू नयेत. ते कागदावर अ मध्ये दिसतात आणि असतात दुसरीकडेच.

काही पॅकेजमध्ये गॅस्ट्रिन-१७ पण असतं. ते अँट्रममध्ये तयार होतं. उपाशीपोटी साधारण १ ते ७ पिकोमोल प्रति लिटर धरतात. कमी आलं तर त्याचे दोन अगदी उलटे अर्थ निघतात: अँट्रम झिजलाय, किंवा आम्ल भरपूर आहे म्हणून शरीरानं गॅस्ट्रिन आवरलंय. प्रथिनाचं पेय पाजून वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं तर फरक कळतो, पण इतकं कोणी करत नाही. जास्त आलं तर आधी 'पित्ताची गोळी' चालू आहे का ते विचारायचं. नसेल, पेप्सिनोजेन-१ तीसच्या बरंच खाली असेल आणि बी-१२ पण कमी असेल, तर ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसकडे (शरीर स्वतःच्याच जठराच्या अस्तरावर उलटतं तो आजार) बघायचं. पॅरायटल पेशींविरुद्धचे आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धचे प्रतिपिंड तपासायचे. बी-१२ कमी म्हटलं की आपल्याकडे 'शाकाहारी आहात ना' किंवा 'मेटफॉर्मिनमुळं' म्हणून विषय संपतो. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण इंजेक्शनं घेऊनही बी-१२ सारखं घसरत असेल, किंवा पन्नाशीच्या बाईचं लोह गोळ्यांनी चढतच नसेल, तर जठराची झीज मनात आणायला हवी.

आता नमुन्याचं. बिघाड इथं फार होतो आणि तो रिपोर्टवर दिसत नाही. पेप्सिनोजेनसाठी रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास उपाशी, पाणी चालेल. सकाळी चहा, बिडी, तंबाखू, मिसरी काहीही नाही. पॅन्टोप्रॅझोल, राबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल या जातीची गोळी १४ दिवस बंद. वर्षभर घेतलेली गोळी एकदम थांबवली की पहिला आठवडा-दोन आठवडे आम्ल उसळतं आणि माणूस चौथ्या दिवशी पुन्हा गोळी सुरू करतो, लॅबला सांगत नाही. त्याऐवजी त्या काळात अँटासिड जेल किंवा फॅमोटिडिनवर काढावं, आणि फॅमोटिडिन चाचणीआधी दोन दिवस सोडावं. ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालेला आहे, किंवा जे अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यांनी आपल्या मनानं गोळी थांबवायची नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा. बऱ्याच यंत्रांची रसायनं बायोटिनच्या पकडीवर चालतात, आणि पाच-दहा मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी सीईए, सीए १९-९ सारखे आकडे खोटे कमी येऊ शकतात.

रक्त साध्या पिवळ्या टोपीच्या नळीत घेतात, अर्धा तास गोठू देतात, मग फिरवून सीरम वेगळं. पेप्सिनोजेन बऱ्यापैकी टिकतं. गॅस्ट्रिन टिकत नाही. नळी बर्फात ठेवून लवकर सीरम वेगळं करून गोठवावं लागतं. गडहिंग्लजला सकाळी घेतलेलं रक्त दुपारी उन्हातून कोल्हापूरला आणि रात्रीच्या बसनं मोठ्या शहरातल्या लॅबला जात असेल, तर कमी आलेल्या गॅस्ट्रिनवर मी अँट्रमचं निदान करणार नाही. विचारायचं इतकंच: नमुना कुठं तपासला जातो आणि गोठवून जातो का. आणि दुसऱ्यांदा मोजायचं झालं तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीवर. एलायझावरचा ४२ आणि केमिल्युमिनेसन्सवरचा ५८ यांत 'सुधारणा' शोधण्यात काही हशील नाही.

लाल बाणाकडे येऊ. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत सीईए साधारण ३ पर्यंत, ओढणाऱ्यांत ५ पर्यंत चालवून घेतात. बिडी ओढणाऱ्याचं ६.१ हे जठराच्या कर्करोगाचं लक्षण म्हणून वाचता येत नाही. यकृताचे आजार, आतड्याची सूज, फुप्फुसाचे जुने आजार यांतही ते थोडं वाढतं. बिडी बंद ठेवून सहा ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा मोजा. उतरलं किंवा तिथंच राहिलं तर सोडून द्यायचं. चढत गेलं तर जठराइतकाच मोठ्या आतड्याचा विचार करावा लागेल.

सीए १९-९ तुमचं ११ आहे, मर्यादा ३७. त्यानंही दिलासा घेऊ नका. साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या रक्तात लुईस नावाचा गट नसतो. त्यांचं शरीर हे द्रव्य बनवतच नाही, गाठ कितीही मोठी असली तरी आकडा तळाला राहतो. उलट पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तर कर्करोग नसतानाही तो शेकड्यांत जातो आणि वाट मोकळी केली की उतरतो. सीए ७२-४ जठराच्या बाबतीत या दोघांपेक्षा बरा, पण सुरुवातीच्या अवस्थेत तोही बहुतेकांत नॉर्मलच असतो, आणि गाउटसाठी कोल्चिसिन घेणाऱ्यांत खोटा वाढलेला आढळतो. या तिघांची खरी जागा निदान झाल्यावर. शस्त्रक्रियेआधी किंवा केमो सुरू होण्याआधी एकदा मोजून ठेवायचं, शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा, मग दर तीन ते सहा महिन्यांनी. तिथं एका आकड्याला अर्थ नसतो, चढ-उताराला असतो. आधी मोजलंच नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडायचा? ही चूक वारंवार होते.

शिबिरातल्या 'कॅन्सर पॅकेज'वर माझा आक्षेप आकडेमोडीचा आहे. समजा कुठलंही लक्षण नसलेले १०,००० प्रौढ घेतले आणि त्यांत पाच जणांना जठराचा कर्करोग आहे. पेप्सिनोजेन चाचणी कर्करोग असलेल्या १०० पैकी साधारण ७० जणांत पॉझिटिव्ह येते, आणि नसलेल्या १०० पैकी २५-३० जणांतही येते. पंचवीस धरली तरी सुमारे २,५०० जण पॉझिटिव्ह, त्यात खरे तीन-चार. आणि पाचातल्या एका-दोघांना 'सगळं ठीक' असा कागद मिळाला. जपान, कोरिया, आपल्याकडे मिझोराम, इथं हा आजार इतका जास्त आहे की असली चाळणी विचारात तरी घेता येते. पश्चिम महाराष्ट्रात तो त्यामानानं कमी आहे. इथं ही चाचणी सरसकट सगळ्यांना न लावता तुमच्यासारख्यांना लावायची: वडील, आई, सख्खं भावंड यांपैकी कुणाला हा आजार झालेला, किंवा आधीच्या तुकड्यात अॅट्रॉफी आलेली. तांबड्या रश्श्याला यात उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. तिखटावर ठपका ठेवण्याइतका पक्का पुरावा नाही. खारवलेलं खाणं, मीठ जास्त आणि तंबाखू-बिडी यांच्यावर मात्र आहे.

आणखी एक मोठं भोक. पेप्सिनोजेन ज्या साखळीवर उभं आहे, त्या साखळीतून न येणारा एक कर्करोग आहे, डिफ्यूज प्रकारचा. त्यात अस्तर झिजलेलं असेलच असं नाही, वय कमी असू शकतं, आणि पेप्सिनोजेन चक्क नॉर्मल येऊ शकतं. म्हणून वडिलांचा जुना तुकड्याचा रिपोर्ट फाइलमधून शोधून काढा. त्यावर 'डिफ्यूज' किंवा 'सिग्नेट रिंग' असं असेल, आणि घराण्यात अशी दुसरी व्यक्ती असेल, किंवा कुणाला पन्नाशीच्या आत झालेला असेल, किंवा बायकांत लोब्युलर प्रकारचा स्तनाचा कर्करोग असेल, तर सीडीएच१ या जनुकाची चाचणी करण्याबद्दल जनुकीय सल्लागाराशी बोलायला हवं. ती पण रक्तावरच होते, पण तिचा अर्थ अख्ख्या घराला लागू होतो. 'इंटेस्टायनल' असं लिहिलं असेल तर आपण वरच्याच साखळीत आहोत.

दुर्बिणीचं. गिळताना अडकणं, काळी शौच, वारंवार उलटी, वजन उतरणं, थोडं खाल्लं की पोट डब्ब होणं, रक्त कमी होणं, यांतलं काहीही असेल तर वरचे १४ दिवस विसरा आणि याच आठवड्यात तपासून घ्या. तसं काही नसेल तर गोळी १४ दिवस थांबवून करावी. गोळी चालू असताना जंतू बऱ्याचदा सापडत नाही, आणि कर्करोगाचा व्रणसुद्धा वरवर भरल्यासारखा दिसू शकतो. सरकारी दवाखान्यात असो की राजारामपुरीत खासगीत, तपासणीआधी एक गोष्ट सांगायची: 'वडिलांना जठराचा कर्करोग होता, पेप्सिनोजेन कमी आहे, पाच जागचे तुकडे हवेत.' कारण एरवी 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' असं लिहून, अँट्रममधला एकच तुकडा जंतूच्या झटपट चाचणीला टाकून नळी बाहेर येते. नुसत्या डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या गॅस्ट्रायटिसला फारशी किंमत नाही, आणि तुमची शंका आहे कॉर्पसबद्दल, जिथला तुकडाच घेतलेला नसतो. पाच जागा म्हणजे अँट्रमच्या दोन्ही बाजू, मधलं वळण म्हणजे इन्सिसुरा, आणि कॉर्पसच्या दोन्ही बाजू. अँट्रम-इन्सिसुराचे तुकडे एका बाटलीत, कॉर्पसचे दुसऱ्या बाटलीत, दोन्हींवर जागा लिहिलेली. सगळे एकाच बाटलीत गेले तर झीज किती पसरली ते पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही, आणि पुढचं वेळापत्रक त्याच उत्तरावर ठरतं. शिवाय जठर नीट बघायला काही मिनिटं द्यावीच लागतात. दोन मिनिटांत उरकलेल्या तपासणीत सपाट, लहान बदल निसटतात.

झीज फक्त अँट्रममध्ये आणि थोडी असेल तर एरवी पुन्हा दुर्बिणीची गरज नसते. घरात आजार असल्यानं तुमच्या बाबतीत डॉक्टर कदाचित तरीही बोलावतील. अँट्रम-कॉर्पस दोन्हींत अॅट्रॉफी किंवा मेटाप्लेशिया असेल तर दर तीन वर्षांनी, आणि वडिलांचा इतिहास धरून तुम्हाला एक ते दोन वर्षांनी. डिस्प्लेशिया आला तर वाट बघायची नाही. चांगल्या यंत्रावर पुन्हा पाहून तो भाग दुर्बिणीतूनच काढण्याचा विचार करायचा.

तुकड्यात पायलोरी सापडला तर १४ दिवसांचा कोर्स, एकही दिवस न चुकवता. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू पुष्कळ आहेत, म्हणून बिस्मथसकट चार औषधांचा कोर्स मला जास्त पटतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे, आणि पित्ताची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातली अँटिजेन चाचणी करायची. इथं पुन्हा आयजीजी करून घेऊ नका, ती पॉझिटिव्हच येणार.

रक्तातल्या डीएनएच्या तुकड्यांवर, मायक्रो-आरएनएवर आधारलेल्या नव्या चाचण्यांचं विचाराल तर काम जोरात चालू आहे. सिंगापूरमध्ये १२ मायक्रो-आरएनएंची एक चाचणी वापरातही आली. पण सुरुवातीच्या लहान गाठीतून रक्तात येणारा ऐवजच इतका थोडा असतो की तिथं याही चाचण्या अडखळतात, आणि पॉझिटिव्ह आल्यावर पुढची पायरी शेवटी दुर्बीणच. तुमच्या बाबतीत त्यावर हजारो रुपये घालण्यात अर्थ नाही.

तुमच्या सख्ख्या भावंडांना मात्र हे कळवा. त्यांना पॅकेज नको. शौचातली पायलोरी अँटिजेन चाचणी आणि, चाळिशी उलटली असेल तर, पाच तुकड्यांसह एकदा दुर्बीण पुरे.